हौशी सांघिक स्नूकर: नियमपुस्तक सहज मिळतं, भांडणं वेगळ्याच नियमांवरून होतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडच्या एका स्नूकर पार्लरमध्ये नेहमी खेळणारे तुम्ही तीसेक जण आहात, सहा संघांची लीग करायची आहे, प्रत्येक संघात चार खेळाडू आणि एक राखीव. अधिकृत नियम कुठे मिळतील, लढत बरोबरीत सुटली तर काय करायचं आणि रेफरी कुठून आणायचे? पुण्यातल्या क्लब पातळीवरच्या लीग मी बरीच वर्षं खेळतो आहे आणि त्यातली निम्मी वर्षं भरवतोही आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. खेळाचे अधिकृत नियम डब्ल्यूपीबीएसए ही जागतिक संघटना प्रसिद्ध करते आणि त्यांच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य मिळतात. भारतात बिलियर्ड्स अँड स्नूकर फेडरेशन ऑफ इंडिया आणि आपल्याकडे राज्य संघटना आहे. मोठ्या स्पर्धा, मानांकन, प्रशिक्षित रेफरी यासाठी त्यांच्याकडे चौकशी करायची. पण तुमची खरी अडचण तिथे नाही. त्या पुस्तकात गुलाबी बॉलचे गुण किती, फाऊल कधी, फ्री बॉल कधी, हे सगळं आहे. दोन संघ २-२ वर थांबले तर कोण जिंकलं, राखीव खेळाडू कधी उतरू शकतो, उशिरा आलेल्या संघाचं काय करायचं, हे त्यात नाही, कारण ते स्पर्धा भरवणाऱ्यानं ठरवायचं असतं. मी पाहिलेली जवळजवळ सगळी भांडणं या दुसऱ्या प्रकारच्या नियमांवरून झाली आहेत.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम आहे: लढत फ्रेमवर (एक फ्रेम म्हणजे एक पूर्ण डाव) मोजायची की एकूण गुणांवर? दिसायला हा हिशोबाचा प्रश्न आहे, पण त्याच्या उत्तरानं टेबलावरचा खेळसुद्धा बदलतो. हे मी एका अंतिम लढतीत शिकलो.

आम्ही तेव्हा चार फ्रेमची लढत ठेवली होती. २-२ झाल्यास चारही फ्रेमचे गुण एकत्र करून विजेता ठरवायचा, एवढं एकच वाक्य लिहिलं होतं. अंतिम लढतीत तीन फ्रेम झाल्यावर एक संघ २-१ नं पुढे होता आणि एकूण गुणांतही १८५ विरुद्ध १५५ असा आघाडीवर होता. चौथ्या फ्रेममध्ये त्यांचा खेळाडू ३१-५४ असा मागे पडला. टेबलावर निळा, गुलाबी आणि काळा उरले होते, म्हणजे १८ गुण. २३ गुणांची पिछाडी त्यातून भरून निघत नाही, प्रतिस्पर्ध्याकडून फाऊलचे गुण मिळवावे लागले असते. त्यानं मनातल्या मनात बेरीज केली: फ्रेम गेली तरी एकूण २१६ विरुद्ध २०९, म्हणजे आपण जिंकलो. त्यानं क्यू (खेळायची काठी) खाली ठेवला आणि हात मिळवला. मीही त्यांनाच विजेते जाहीर केलं आणि चषक दिला.

दुसऱ्या दिवशी नियमपुस्तक नीट वाचलं. त्यात स्पष्ट आहे की एकूण गुण मोजले जात असतील आणि कुणी फ्रेम सोडली, तर टेबलावर उरलेल्या बॉल्सचे गुण समोरच्याला मिळतात. लाल उरले असतील तर प्रत्येक लालचे आठ गुण धरायचे आणि जागेवर नसलेला रंगीत बॉल त्याच्या जागेवर आहे असं समजायचं. म्हणजे २०९ मध्ये १८ मिळवायला हवे होते, २२७. चषक चुकीच्या संघाकडे गेला होता आणि चूक माझी होती. मी दोन्ही कर्णधारांना फोन करून ते सांगितलं. हरलेल्या संघाच्या कर्णधारानं शांतपणे ऐकून घेतलं, पण त्या संघातले दोघे पुढच्या वर्षी आले नाहीत. ते मला आजही लागतं.

आता त्या खेळाडूच्या जागी स्वतःला ठेवून बघा. स्नूकरमध्ये वेळेवर फ्रेम सोडणं हा शिष्टाचार आहे. नियमसुद्धा एवढंच म्हणतो की स्नूकरची गरज (म्हणजे समोरच्याची वाट बॉलआड अडवून फाऊलचे गुण मिळवायची वेळ) पडत नसेल तर फ्रेम सोडू नये, आणि सोडायची तर स्वतःची पाळी असतानाच. एकूण गुण मोजायला लागलात की हा शिष्टाचार महागात पडतो. प्रत्येक जण काळ्यापर्यंत खेळत राहतो, लढत लांबते आणि समोरच्याला वाटतं की हा मुद्दाम ताणतोय.

दुसरा परिणाम काळ्या बॉलवर. फक्त काळा उरला असताना तो पॉट होऊन (खिशात जाऊन) किंवा फाऊल होऊन गुण समसमान झाले, तर नेहमीच्या फ्रेममध्ये काळा पुन्हा त्याच्या जागी ठेवतात, नाणेफेक होते आणि पांढरा क्यू बॉल डीमधून, म्हणजे टेबलाच्या एका टोकाला आखलेल्या अर्धवर्तुळातून, खेळतात. एकूण गुण मोजत असाल तर प्रत्येक फ्रेमला तसं करायचं नसतं, शेवटच्या फ्रेमनंतर एकूण गुण समान झाले तरच. पण आमच्यासारखी मिसळ केली, आधी फ्रेम आणि बरोबरी झाली तर गुण, तर कुठला नियम लावायचा? तुमच्या कागदावर लिहिलेलं नसेल तर दोन्ही संघ आपापल्या सोयीचा लावतील आणि दोघांकडेही पुस्तकाचा आधार असेल.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे: फ्रेम मोजा, गुण मोजू नका. लढतीत फ्रेमची संख्या विषम ठेवा, म्हणजे बरोबरीचा प्रश्नच राहत नाही. चार जणांच्या संघाला पाच फ्रेम चपखल बसतात, चार एकेरी आणि एक दुहेरी. गुणतक्त्यात संघाला जिंकलेल्या प्रत्येक फ्रेमचा एक गुण द्या आणि पाचही फ्रेम खेळवा. ०-३ पिछाडीवर गेलेल्या संघालाही मग उरलेल्या दोन फ्रेम जीव लावून खेळायचं कारण राहतं. साखळी संपल्यावर दोन संघ बरोबरीत आले तर त्यांच्यातली आपसातली लढत बघा. तीन संघ अडकले तर त्या तिघांच्या आपसातल्या फ्रेम मोजा. तरीही सुटलं नाही तर प्रत्येक कर्णधारानं एक खेळाडू निवडावा आणि एका फ्रेममध्ये निकाल लावावा.

दोन जणांचा संघ हवा असेल तर वेगळी रचना आहे: दोन एकेरी, मग दुहेरी, मग जोड्या बदलून उलट एकेरी. २०१८ साली दोहा इथे झालेल्या सांघिक विश्वचषकाच्या अंतिम लढतीत भारताचे पंकज अडवाणी आणि मनन चंद्रा पाकिस्तानविरुद्ध ०-२ असे मागे होते आणि ३-२ नं जिंकले. अडवाणीचा जन्म पुण्याचा, म्हणून आपल्याला त्याचं थोडं जास्तच अप्रूप. मधल्या दुहेरीत लढत फिरू शकते हे या रचनेचं सौंदर्य आहे. तुमच्या चार जणांच्या संघातही दुहेरी शेवटी न ठेवता तिसऱ्या क्रमांकावर ठेवा.

दुहेरीचे नियम बहुतेकांना माहीत नसतात, म्हणून तेवढे सांगतो. चौघांचा क्रम फ्रेमच्या सुरुवातीला ठरतो आणि फ्रेमभर तोच राहतो. प्रत्येक जण आपली पूर्ण पाळी खेळतो, एकेक फटका आलटूनपालटून मारायचा तो प्रकार निराळा. फाऊलनंतर समोरच्यांनी पुन्हा खेळायला सांगितलं तर ज्यानं फाऊल केला त्यानंच खेळायचं, मग तो फाऊल पाळी चुकवून खेळल्याचा का असेना. आणि बोलणं: जोडीदार एकमेकांशी बोलू शकतात, पण त्यांच्यातला एक जण पाळी खेळायला टेबलाशी गेला की नाही. पहिला फटका बसल्यापासून ब्रेक (एका पाळीतली सलग पॉटची मालिका) संपेपर्यंत तोंड बंद. पुण्यातल्या पार्लरमध्ये हा नियम सर्रास मोडला जातो. एकेरी चालू असतानासुद्धा मागच्या सोफ्यावरून "अरे निळा घे, निळा" असा आवाज येतो. बाहेरून सल्ला देण्याला खेळात मुभा नाही. हे पहिल्या दिवशीच दोन्ही कर्णधारांना समोर बसवून सांगा आणि एका इशाऱ्यानंतर काय होणार तेही लिहून ठेवा.

आता फाऊल अँड मिस, हौशी स्नूकरमधला सगळ्यात तापलेला विषय. अधिकृत नियम म्हणतो की खेळाडूनं आपल्या कुवतीनुसार योग्य बॉलला लागण्याचा पुरेपूर प्रयत्न केला पाहिजे. तसा तो केला नाही असं रेफरीला वाटलं तर मिस देतात आणि समोरचा खेळाडू सगळे बॉल होते तिथे परत ठेवून घेऊ शकतो. टीव्हीवर आपण हे पाहतो आणि क्लबमध्ये जसंच्या तसं लावतो. पण टीव्हीवरच्या माणसाची कुवत आणि आपली कुवत यात फरक आहे. तीन कुशन (टेबलाच्या रबरी कडा) घेऊन तपकिरीला लागायचा प्रयत्न करणारा आपला खेळाडू हातभर चुकला, तर त्यानं प्रयत्नच केला नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. शिवाय बॉल नेमके कुठे होते हे सांगणारा प्रशिक्षित रेफरी नसेल तर परत ठेवतानाच वाद सुरू होतो.

तुमच्या लीगचं उत्तर खेळाडूंच्या पातळीवर अवलंबून आहे. तीस-चाळीसचे ब्रेक नियमित करणारे बहुसंख्य असतील तर पूर्ण नियम लावा. पातळी संमिश्र असेल तर मी असं लिहितो: खेळायचा बॉल सरळ रेषेत दिसत असताना चुकला तरच मिस, स्नूकरमधून चुकला तर फक्त फाऊल. फाऊलचे गुण आणि पुन्हा खेळायला लावण्याचा हक्क समोरच्याकडे राहतोच. पूर्ण बॉल दिसत असताना सलग तीनदा चुकलं तर फ्रेम जाते, हा अधिकृत नियम नवख्यांच्या लीगमध्ये मी वगळतो, पण वगळला आहे असं स्पष्ट लिहून. एक गोष्ट सगळ्यांनाच उपयोगी पडते. अवघड स्नूकर पडला की फटक्याआधी राखीव खेळाडूनं टेबलाचा मोबाइलवर फोटो काढायचा, तोही हात उंच करून वरून. बॉल परत ठेवायची वेळ आली तर दोन्ही कर्णधारांनी तो फोटो बघायचा. या एका सवयीनं आमच्याकडची कितीतरी कटुता टळली.

फ्री बॉलचा गैरसमजही दूर करून टाका. फाऊलनंतर क्यू बॉलवरून खेळायच्या बॉलच्या दोन्ही कडा सरळ लागत नसतील तर फ्री बॉल मिळतो, म्हणजे दुसरा कुठलाही बॉल खेळायचा बॉल म्हणून निवडता येतो. एक कड दिसते म्हणून फ्री बॉल नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं, ते चूक आहे. दोन्ही कडा लागायला हव्यात. मात्र आड येणारा दुसरा बॉलच हवा, कुशनचा कोपरा आड आला तर तो स्नूकर धरत नाहीत. आणि फ्री बॉल म्हणून निवडलेल्या बॉलच्याच मागे समोरच्याला स्नूकर करता येत नाही, फक्त गुलाबी आणि काळा उरले असतील तेवढा अपवाद.

हँडिकॅपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तीस जणांत दोन-तीन जण बाकीच्यांपेक्षा खूप वरचे असणारच. हँडिकॅप नसेल तर तिसऱ्या आठवड्यात खालचे संघ यायचे थांबतील. मी प्रत्येक खेळाडूला एक आकडा देतो आणि दोघांच्या आकड्यांतला फरक कमकुवत खेळाडूला फ्रेमच्या सुरुवातीलाच बोर्डावर देतो. पंधरा लालच्या फ्रेममध्ये ३५ पेक्षा जास्त देत नाही. कारण त्यापुढे चांगला खेळाडू फक्त पाठलाग करत राहतो आणि खेळाची मजा जाते. दोन फेऱ्यांनंतर एकदाच आकडे सुधारायचे आणि ते काम कर्णधारांच्या बैठकीत करायचं. दुहेरीत जोडीच्या आकड्यांची सरासरी घ्या. सहा लालची फ्रेम खेळत असाल तर फरक निम्मा करा. कारण साधं आहे: पंधरा लालांत सर्वोच्च ब्रेक १४७ चा, सहा लालांत ७५ चा. आणि हे हँडिकॅपचे गुण खरे गुणच समजायचे. कुणाला स्नूकरची गरज आहे की नाही हे बोर्डावरच्या आकड्यावरून ठरतं, आणि गरज असेल तर मिस द्यायचा नसतो.

टेबल आणि वेळ यांचा हिशोब आधी करा, संघ नंतर घ्या. सहा संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा गाठ, म्हणजे १५ लढती. पाच आठवडे, दर आठवड्याला तीन. आपल्या पातळीवर पंधरा लालची एक फ्रेम मी ३५ मिनिटं धरतो. पाच फ्रेमच्या तीन लढती म्हणजे १५ फ्रेम, पावणेनऊ तास. दोन टेबल मिळाले आणि एकाच लढतीच्या फ्रेम दोन्हीकडे वाटल्या तर पावणेपाच तासांत उरकतं. रविवारी सकाळी नऊला सुरू केलं तर दीड-दोनपर्यंत संपतं, तेव्हा पार्लरमध्ये गर्दीही नसते आणि मालक दरात थोडं समजून घेतो. एकाच शनिवार-रविवारी सगळं संपवायचं असेल तर सहा लाल खेळवा. फ्रेम पंधरा मिनिटांत होते आणि सगळ्या १५ लढती मिळून टेबलाचे एकोणीस तासही लागत नाहीत. पण सहा लालांत एखादा नशिबाचा पॉट फ्रेम देऊन जातो, म्हणून लीगसाठी मला पंधराच आवडतात. पीवायसी, डेक्कन जिमखाना किंवा पूना क्लब अशा ठिकाणी खेळायची इच्छा असेल तर तुमच्यातला सदस्य कोण आहे हे आधी बघा आणि त्याच्यामार्फत क्रीडा सचिवांशी बोला. पाहुण्यांचे नियम प्रत्येक क्लबचे निराळे असतात.

रेफरीसाठी लांब जायची गरज नाही. तुमच्या पार्लरचा मार्कर (टेबलावर गुण मांडणारा माणूस) रोज आठ-दहा तास टेबलाशेजारी असतो आणि फ्री बॉलचा कोन आपल्यापेक्षा चांगला ओळखतो. त्याला लीगचा मानधन घेणारा अधिकारी म्हणून नेमा, कामाचे पैसे ठरवून द्या आणि त्याचा निर्णय अंतिम असं लिहा. पण तो एकटा दोन टेबलांना पुरणार नाही, म्हणून दुसऱ्या टेबलावर त्या वेळी न खेळणाऱ्या संघातला एक जण बसवा. खेळणाऱ्या संघांपैकी कुणालाही रेफरी करू नका, माणूस कितीही सरळ असला तरी. बॉल क्यूला चाटून गेला का, स्पर्श झाला का, अशा प्रश्नांत त्याची कुचंबणा होते.

टेबलाची काळजी थोडक्यात: लढतीआधी बॉल पुसून घ्या, बॉलकलाइनच्या (डी जिच्यावर आखलेला असतो त्या रेषेच्या) बाजूकडून काळ्याच्या बाजूकडे एकाच दिशेनं ब्रश मारा, रेस्ट आणि स्पायडर (लांबच्या फटक्यांना क्यू टेकवायचे आधार) दोन्ही टेबलांना आहेत का बघा. जूनपासून कापड दमट होऊन टेबल जड चालतं, तेव्हा लीग पावसाळ्याच्या आत संपेल असं बघा किंवा दसऱ्यानंतर सुरू करा.

उरलेली कलमं झटपट. संघाचा क्रम दोन्ही कर्णधारांनी कागदावर लिहून एकाच वेळी उघडायचा, म्हणजे कुणी समोरच्याचा बघून आपला बदलत नाही. राखीव खेळाडू फ्रेमच्या मध्ये उतरणार नाही. वीस मिनिटं उशीर झाला तर पहिली फ्रेम गेली, चाळीस मिनिटं झाली तर दुसरीही. एकदा एका संघाकडून खेळलेला माणूस त्या मोसमात दुसऱ्या संघाकडून नाही. पैशांची पैज लावताना कुणी दिसला तर तो लीगबाहेर, आणि यात माझ्याकडून कधीच सूट नसते.

हे सगळं एका पानात बसतं. ते छापून टेबलाशेजारच्या भिंतीवर लावा. या खेळाची सुरुवात १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीतली, आणि नियम पक्के झाल्यावर ते उटीच्या क्लबमध्ये बिलियर्ड्स खोलीच्या भिंतीवरच लावले गेले होते. भिंतीवरचा कागद सगळ्यांना एकाच वेळी दिसतो आणि "मला कुणी सांगितलंच नव्हतं" असं म्हणायला जागा उरत नाही.

आणि लीगच्या आधीच्या रविवारी एक चाचणी लढत खेळवा. दोन संघ, पाच फ्रेम, मार्कर, फोटो काढणारा राखीव, बोर्डावर हँडिकॅप, सगळं खऱ्यासारखं. ती खेळताना तुमच्या कागदात नसलेली दोन-तीन प्रकरणं नक्की समोर येतील. ती त्याच दिवशी सगळ्या कर्णधारांच्या सहीनं कागदात घाला आणि पुढच्या रविवारी पहिली फ्रेम लावा.